पहिली चाळीस मिनिटं

दस्तगीरमामांनी इंपेलर उचलला, खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि मग गालाला लावला. डोळे मिटून त्यांनी पात्याची कड गालावरून कानापर्यंत सावकाश फिरवली आणि म्हणाले, "हितं अजून रवा हाय."

मी ते पातं माप घेण्याच्या यंत्राखाली धरलं. त्यांनी दाखवलेल्या जागीच खरबरीतपणा जास्त निघाला. बाकी सगळीकडे पातं गुळगुळीत होतं. हेरवाडकर सरांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू ते पातं त्यांनी स्वतःच घासलंय. मग त्यांनी मोबाइल काढला आणि मामांना परत एकदा गालाला लावून दाखवायला सांगितलं. मामांनी दाखवलं.

ही अकरा वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. कोल्हापूरच्या बाहेर, हायवेला लागून आमचं केंद्र नुकतंच सुरू झालं होतं. एक इंजिनिअरिंग कॉलेज, आसपासचे चौदा कारखाने आणि सरकारची एक योजना अशा तिघांनी मिळून ते उभं केलं होतं. खालच्या मजल्यावर कामगारांना नवी यंत्रं शिकवायची आणि वरच्या मजल्यावर नव्या पद्धती शोधायच्या, अशी कल्पना होती. हेरवाडकर सर संचालक. मी पद्मजा मगदूम, जयसिंगपूरची, वय सव्वीस, मोजमापाच्या विभागात कंत्राटावर. कंत्राट मार्चअखेरपर्यंत.

आमचं पहिलं मोठं काम होतं इंपेलर घासायला रोबोला शिकवण्याचं. इंपेलर म्हणजे पंपाच्या पोटात फिरणारं पात्यांचं चाक. भट्टीतून ओतून आलं की ते खरबरीत असतं, कडा वर आलेल्या असतात. कारखान्यात माणसं हातात ग्राइंडर धरून दिवसभर ते घासतात. त्या खात्याला फेटलिंग म्हणतात. भागीदार कारखान्यांपैकी एकानं, त्याचं नाव सांगत नाही, आपला सगळ्यात चांगला माणूस आमच्याकडे तीन आठवड्यांसाठी पाठवला. तो म्हणजे दस्तगीर मुजावर, वळिवड्याचे, बावन्न वर्षांचे. तीस वर्षं फेटलिंगमध्ये. आम्ही त्यांच्या दोन्ही हातांत सेन्सर लावलेले मोजे घालायचो, ग्राइंडरलाही सेन्सर बसवला होता. हात कसा वळतो, मूठ किती घट्ट असते, पात्यावर दाब किती पडतो, हे सगळं माझ्या लॅपटॉपवर रेषांमध्ये उमटायचं. त्या रेषा पुढे रोबोला द्यायच्या. एकवीस जानेवारीला समिती येणार होती. दुसऱ्या टप्प्याला मंजुरी द्यायची की केंद्राला कुलूप लावायचं, हे ती ठरवणार होती.

पहिल्या दिवशी मामांनी मोजा हातात घेऊन उलटसुलट बघितला. यात घाम गेला तर चालेल का, असं विचारलं. चालेल, म्हटल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि मीच तो चढवला. मग रोजच मी चढवायला लागले. त्यात वेगळं काही आहे असं तेव्हा मला वाटलं नाही.

चौथ्या दिवसापासून माझी झोप उडाली. मामा सकाळी काम सुरू करायचे तेव्हा दाबाची रेषा इतकी सरळ असायची की पट्टी लावून काढावी. चाळीस-एक मिनिटांनंतर ती वर चढायला लागायची. तासाभरानं दाब जवळजवळ दीडपट झालेला असायचा आणि मूठ त्याहून घट्ट. जेवणाच्या सुट्टीनंतर परत सरळ, परत चाळीस मिनिटं, परत चढ. मामांच्या हातून नग वाया जात नव्हते, कारण ते मिनिटा-दोन मिनिटांनी थांबून गालाला लावून बघत. पण रोबोला गाल नव्हता. तो या रेषा जशाच्या तशा शिकला असता आणि पाती पातळ करत सुटला असता. पातळ पातं पंपात फुटतं.

मी सेन्सर बदलला. वायर बदलली. दुसऱ्या विभागातून दुसरा ग्राइंडर आणला. मोजा रात्रभर कोरड्या पेटीत ठेवला. रेषा ऐकेना. मी एका जागी बसू शकत नव्हते. मामा काम करत असताना मी त्यांच्याभोवती फेऱ्या मारायची, कुठल्या तरी जोडणीला हात लावून बघायची, परत लॅपटॉपपाशी यायची, कप धुवायला जायची आणि न धुताच परत यायची. सरांनी दोनदा विचारलं, काय अडलंय. मी सांगितलं, सेन्सर तापतोय बहुतेक. सर म्हणाले, बहुतेक नको, पक्कं सांग. त्यांचंही बरोबर होतं. दिवस थोडे होते. त्यांनी तोपर्यंत फाटकावर मोठा फलक लावला होता. मामांच्या हाताचा फोटो आणि खाली ओळ: 'बोटांच्या टोकावर तीस वर्षांचं ज्ञान'.

आठव्या दिवशी सकाळी फार थंडी होती. मी मोजा चढवायला मामांचा उजवा हात धरला तर मधल्या दोन बोटांची टोकं पांढरी पडलेली. पांढरी म्हणजे मेणबत्तीसारखी. आणि तर्जनीवर आतल्या बाजूनं भला मोठा फोड, ताजा, कातडी सुटलेली.

मी विचारलं, "हे कधी भाजलं?"

मामांनी बोटाकडे बघितलं. ते बघणं मी विसरलेले नाही. त्यांना माझ्याइतकंच नवल वाटलेलं होतं. एक क्षणभरच. मग त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाले की काल घरी चुलीपाशी लागलं असेल, एवढंसं आहे, तुम्ही मोजा घाला.

मी मोजा घातला नाही. खाली ठेवला आणि त्यांच्या समोर स्टुलावर बसले. गेले चार दिवस मी वायरी बदलत होते आणि उत्तर माझ्यासमोर पांढरं पडून बसलेलं होतं. बोटांना कळत नव्हतं म्हणून ते मूठ घट्ट करत होते. दाब कळत नव्हता म्हणून तो वाढत होता. आणि आम्ही ज्याचा व्हिडिओ काढून पाहुण्यांना दाखवत होतो तो गालही त्यासाठीच होता. माणसाला जिथं अजून कळत होतं तिथं तो पातं नेत होता.

"मामा, बोटांना कळत नाही ना?"

 बाहेर व्हरांड्यात कोणी तरी खुर्च्या ओढत होतं. मामांनी सांगायला सुरुवात केली, खाली बघत, एखाद्या दुसऱ्याच माणसाचं सांगावं तसं. चार वर्षं झाली होती. आधी मुंग्या यायच्या, मग थंडीत बोटं पांढरी पडायला लागली, मग पांढरी नसतानाही कळेनासं झालं. सकाळी हात विसावलेला असला की थोडा वेळ बरं असायचं. ग्राइंडर अर्धा-पाऊण तास चालला की हाताला कळणंच राहायचं नाही. शर्टाची बटणं बायको लावायची. खात्यात कुणाला माहीत नव्हतं. डॉक्टरकडे गेले नव्हते, कारण डॉक्टर कागदावर लिहील आणि कागद कारखान्यात जाईल.

हे सांगून झाल्यावर त्यांनी मला एक विनंती केली. हे काम नीट झालं तर केंद्रात कामगारांना शिकवायला त्यांना घेऊ, असा शब्द सरांनी आणि कारखान्याच्या नलवडे साहेबांनी दिला होता. नलवडे म्हणजे तिथले प्रॉडक्शन मॅनेजर. शिकवायचं म्हणजे ग्राइंडर दिवसाला तासभर, बाकी तोंडानं सांगायचं. "तेवढं झालं की सुटलो म्हणा," मामा म्हणाले. "मॅडम, आता कुणाला सांगू नका. तेरा दिवस राहिलेत."

मी जयसिंगपूरच्या एका शिक्षकाची मुलगी. घरात खोटं बोलल्याबद्दल मार खाल्लेला मला आठवत नाही, कारण खोटं बोलायची वेळच येत नसे. त्या दिवशी दुपारी मी माझ्या आयुष्यातला पहिला खोटा अहवाल लिहिला. 'सेन्सर सलग चाळीस मिनिटं वापरल्यावर तापतो आणि जास्त दाब दाखवतो. त्यामुळे प्रत्येक सत्रातली पहिली चाळीस मिनिटंच ग्राह्य धरावीत.' खाली सही केली. सर खूश झाले. अडचण काय ते कळलं होतं आणि रोबोला शिकवायला स्वच्छ रेषा मिळणार होत्या. आणि तसंच झालं. पहिल्या चाळीस मिनिटांतले मामा रोबोला दिले आणि दोनच दिवसांत त्यानं पहिला इंपेलर असा घासला की खालच्या मजल्यावरचे प्रशिक्षणार्थी जिने चढून बघायला आले.

मला वाटलं, झालं. कुणाचं नुकसान नाही. मामांचं भलं होईल, रोबो नीट शिकेल.

सोळा तारखेला सरांना एक कल्पना सुचली. मामांच्या खात्यातल्या इतरांचीही मापं घ्यायची, म्हणजे समितीला मामांचं कौशल्य उठून दिसेल. मी मोजा आणि लॅपटॉप घेऊन कारखान्यात गेले. फेटलिंग खातं मी त्याआधी बाहेरूनच बघितलं होतं. आत पाय टाकल्यावर जमीनच थरथरत असल्यासारखं वाटलं. दहा माणसं ओळीनं वाकलेली, ठिणग्या, धूळ, आणि तो आवाज. त्यातल्या सहा जणांना मी एकेक करून मोजा घातला आणि प्रत्येकी दोन तास मापं घेतली. दोन दिवस लागले.

सहांपैकी चौघांची रेषा चढत होती. दोघांची चाळीस मिनिटांनंतर, एकाची तासानं, एकाची पहिल्या पंधरा मिनिटांतच. त्या शेवटच्याचं नाव सिकंदर. वय एकोणतीस. मामांच्या बहिणीचा मुलगा, मामांनीच त्याला तिथं चिकटवलं होतं. मी त्याला विचारलं, हाताला कसं वाटतं. तो हसला आणि म्हणाला, फेटलिंगमध्ये सगळ्यांचे हात झोपतात.

त्यानंतरचे तीन दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही. खोलीवर गेलं की बसवत नसे. मी राजारामपुरीत राहायची. संध्याकाळी चालायला बाहेर पडायची आणि चालत चालत कुठल्या तरी अनोळखी गल्लीत पोहोचायची. आई फोनवर विचारायची, जेवलीस का, आणि मला आठवत नसे. एका माणसाचं लपवणं सोपं होतं. त्यात दया होती, आपण चांगलं वागलो असं वाटत होतं. आता ते पाच झाले होते, आणि उरलेल्यांची मापं मी घेतलीच नव्हती. सरांना सांगायला मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. एकदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा नव्हते, तरी मी परत फिरले. सांगायचं म्हणजे आधी माझ्या सहीचा अहवाल खोटा आहे असं सांगायला लागलं असतं.

वीस तारखेला, समिती येण्याच्या आदल्या दिवशी, मी मामांना बोलावलं आणि ती सहा जणांची मापं स्क्रीनवर दाखवली. रेषा वाचायला ते एव्हाना शिकले होते. एकेका रेषेवर बोट ठेवून मी नाव सांगत गेले. सिकंदरचं नाव आल्यावर ते म्हणाले, "ह्येची एवढी लौकर?"

मी हो म्हटलं.

मामा स्क्रीनकडे बघत उभे राहिले, मग टोपी घातली आणि उद्या किती वाजता यायचं तेवढं विचारून गेले.

एकवीसला समिती आली. पाच जण होते. अध्यक्ष पुण्याचे, गोड बोलणारे. एक बाई होत्या, गावसकर नावाच्या, पूर्वी कारखान्यांच्या तपासणी खात्यात अधिकारी होत्या. त्या दिवसभरात फार बोलल्या नाहीत. बरोबर नलवडे साहेब, आणि कॉलेजचे दोन प्राध्यापक. रोबोनं इंपेलर घासला, मामांनीही एक घासला. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. सगळं उत्तम चाललं होतं. सरांचा चेहरा उजळला होता.

मामांनी सवयीनं एक इंपेलर उचलून गालाकडे नेला. तेव्हा अध्यक्ष म्हणाले की नाही, नाही, बोटांनी दाखवा, फाटकावर बोटांचा फोटो आहे ना, आणि डोळे मिटून ओळखा, यातला तुमचा कोणता आणि रोबोचा कोणता. फोटोवाला पुढे सरकला. मामांनी इंपेलर खाली ठेवला. मोजा काढलेला उजवा हात त्यांनी एका पात्यावर ठेवला, मग दुसऱ्यावर. डोळे मिटले. फोटो निघाले.

त्यांना काहीही सांगता आलं असतं. दोनच तर होते. चुकलं असतं तरी लोक हसले असते आणि रोबोचं कौतुक झालं असतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, मामा, उजवीकडचा म्हणा, नाही तर डावीकडचा म्हणा, काही तरी म्हणा.

मामांनी डोळे उघडले. "साहेब, ह्या बोटास्नी काय कळत न्हाई," ते म्हणाले. "चार वर्षं झाली. आमच्या खात्यात आनखी चौघांचं तसंच हाय. त्यात एक पोरगा एकोणतीस वर्षांचा हाय. मॅडमकडं त्याची मापं हायत."

 नलवडे साहेबांचा चेहरा लाल झाला. सर माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती.

"पद्मजा, असं काही आहे का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मामाही. आणि मी म्हटलं, "सेन्सर तापत होता, सर. अहवालात लिहिलंय."

ते माझ्या तोंडून इतक्या सहज आलं की मलाच माझा आवाज ओळखू आला नाही. नलवडे साहेब मोठ्यानं हसले आणि म्हणाले की आमचे मामा एवढ्या लोकांसमोर कधी उभे राहिलेले नाहीत, गांगरले. प्राध्यापकही हसले. सरांनी घाईनं सगळ्यांना पुढच्या खोलीकडे वळवलं. गावसकर बाई शेवटी निघाल्या. दारापाशी त्यांनी वळून एकदा मामांच्या हाताकडे बघितलं आणि गेल्या.

खोलीत मामा आणि मी. मामा डाव्या हातातला मोजा काढत होते. त्याचा पट्टा बोटांना सापडत नव्हता. दोनदा घसरला. मग त्यांनी मनगट तोंडाशी नेलं आणि पट्टा दातांनी ओढून सोडवला. मोजा टेबलावर व्यवस्थित पसरून ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. रागानं नाही, कामाच्या माणसाला आपलं सामान आवरताना दुसरीकडे बघायला वेळ नसतो तसं.

मी लॅपटॉपच्या वायरी उपटल्या. हातात उघडा लॅपटॉप घेऊन व्हरांड्यातून धावले. पुढच्या खोलीत सर नवीन थ्रीडी छपाई यंत्राबद्दल सांगत होते. मी दार ढकललं. सर थांबले.

"मी खोटं सांगितलं," मी म्हटलं. "सेन्सर चांगला आहे. अहवाल खोटा आहे. मामा म्हणतात ते खरं आहे."

नलवडे साहेब काही तरी बोलायला लागले. गावसकर बाईंनी हात पुढे केला, मी लॅपटॉप त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर सरकवून पाचही रेषा बघितल्या, एकेक, घाई न करता. मग विचारलं, "तो अहवाल कोणाच्या सहीचा आहे?"

"माझ्या."

"मग दुसरा लिहा. आजची तारीख घाला. आणि सही त्याखालीही करा."

एवढंच. मी तो अहवाल त्याच खोलीत, उभ्या उभ्या लिहिला. 

पुढे काय झालं ते सांगते, कारण लोकांना वाटतं खरं बोललं की सगळं नीट होतं. आमचं काम चार महिन्यांसाठी थांबवलं गेलं. त्या काळात फक्त अधूनमधून रोबो चाचणीसाठी चालवायची परवानगी होती. केंद्राला कुलूप लागलं नाही, पण दुसरा टप्पा एक वर्ष लांबला. सर माझ्यावर ओरडले नाहीत. ते एवढंच म्हणाले की तू मला आधी सांगायला हवं होतंस, मी काही इतका वाईट माणूस नाही. ते बरोबर बोलले होते. माझं कंत्राट मार्चला संपलं, ते वाढवलं नाही.

फेटलिंगमधल्या दहाही माणसांना तपासणीला पाठवलं. सहा जणांच्या हातांत ग्राइंडरच्या थरथरीनं आलेला दोष निघाला. कारखान्याला कमी थरथरणारे ग्राइंडर घ्यावे लागले, अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या कराव्या लागल्या. सिकंदरला दुसऱ्या खात्यात हलवलं. डॉक्टर म्हणाले, तो अजून लहान आहे, बराचसा सुधारेल. पण पाळ्या आल्यावर ओव्हरटाइम बंद झाला, आणि खात्यातले दोघे जण मामांशी बोलेनासे झाले. त्यातल्या एकाचे हात सगळ्यात जास्त खराब होते. आणि मामांना शिकवण्याची जागा मिळाली नाही. ज्याची बोटं चालत नाहीत तो काय शिकवणार, असं कुणी तरी बैठकीत म्हणालं. त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, येणारजाणारं सामान बघायला.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी माझं टेबल आवरत होते. तेवढ्यात कारखान्याचा टेम्पो आला, चाचणीसाठी इंपेलर घेऊन. बरोबर स्टोअरची पावती घेऊन दस्तगीरमामा. त्या दिवसानंतर आम्ही भेटलो नव्हतो. मी बरेच दिवस मनात वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी सगळ्यांसमोर मी नाही म्हणाले."

मामांनी पावतीवर माझी सही घेतली, ती घडी करून खिशात घातली. खिशात घालायला वेळ लागला.

"तुम्ही पाच मिंटं न्हाई म्हनालात, मॅडम," ते म्हणाले. "मी चार वर्षं म्हनत हुतो. आनि सिकंदर माझ्या शेजारीच उभा राहून काम करत हुता."

मग त्यांनी विचारलं, यंत्र चालू आहे का. त्यांनी रोबोला निवांतपणे काम करताना कधी बघितलंच नव्हतं. त्याच्यासमोर ते नेहमी मोजा घालून उभे असायचे, नाही तर लोक असायचे. मी एक इंपेलर बसवला आणि रोबो सुरू केला.

हात खाली आला, पात्याला टेकला आणि वळत गेला. मी तो शंभर वेळा बघितला होता. मामा काचेजवळ गेले. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. पहिलं पातं झालं, दुसरं झालं. त्यांचा उजवा खांदा अगदी किंचित हलत होता, रोबो वळेल तसा. इंपेलर पुरा झाल्यावर ते म्हणाले, आणखी एक लावा. मी लावला. खालून टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. मामांनी लक्ष दिलं नाही.

"धा वर्षांमागं मी असाच करत हुतो," ते म्हणाले. "दिवसभर."

तिसरा इंपेलर लावला तेव्हा त्यांनी काचेवर टकटक केलं आणि थांबवायला सांगितलं. सात पात्यांपैकी पाचव्या पात्यावर रोबो घाई करतोय, असं त्यांचं म्हणणं होतं. मी मापं काढून बघितली. पाचव्या पात्यावर वेळ खरंच कमी होता. कमी होता आणि आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलेला नव्हता, कारण मामांच्या सगळ्या मापांमध्ये तो तेवढाच कमी होता. मी विचारलं, असं का.

"तितं हात वरनं वळवाय लागतोय. माझा खांदा दुखायचा, म्हनून मी लौकर सोडायचो. त्यानं ते बी शिकलंय." मामांनी काचेतून रोबोच्या हाताकडे बघितलं. "त्याचा खांदा कुठं दुखतोय? त्याला सांगा, सावकाश कर."

मी लॅपटॉप उघडला आणि ते म्हणतील तसा वेळ घालायला सुरुवात केली. मामा माझ्यामागे उभे राहून सांगत होते, अजून थोडा, अजून थोडा, आता बघा.